बाजू उलटताना

नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. गाणारा कितीही रंगात आलेला असो, कॅसेटला त्याचं सोयरसुतक नसतं. खट्कन बटण वर येतं, बाजू उलटेपर्यंत पाच-सात सेकंद जातात आणि तेवढं संगीत कायमचं हरवतं. माझ्या आतेभावाच्या कॅलिफोर्नियातल्या घरी अशा हरवलेल्या सेकंदांचा एक खोकाच आहे. बुटांच्या खोक्यात साठेक कॅसेटी. प्रत्येकीच्या कव्हरवर मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख, गाव, पूर्वार्धातली गाणी, उत्तरार्धातली गाणी. अक्षरं मात्र वेगवेगळ्या माणसांची. त्यातली निम्मी माणसं त्यानं आयुष्यात कधी पाहिलेली नाहीत.

हा आतेभाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. घरात सगळ्यांचाच दादा. १९८४ साली तो एम.एस. करायला पुण्याहून बर्कलीला गेला. पुढच्याच जूनमध्ये खोलीतल्या सोबत्यानं त्याला ओढत तिथल्या ग्रीक थिएटरमध्ये नेलं. टेकडीच्या उतारावरचं पायऱ्यापायऱ्यांचं उघडं नाट्यगृह, आणि मंचावर ‘ग्रेटफुल डेड’ हा बँड. त्यांना तेव्हा वीस वर्षं पूर्ण होत होती. ‘‘पहिला तास मी घड्याळ बघत होतो,’’ दादा सांगतो. ‘‘एकेक गाणं संपेचना. मग लक्षात आलं, हे लोक गाणं वाजवत नाहीयेत, शोधतायत. दुसऱ्या दिवशी मीच सोबत्याला ओढत नेलं.’’

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हा बँड जमला. १९९५च्या ऑगस्टमध्ये त्यांचा गिटारवादक जेरी गार्सिया गेला आणि ‘ग्रेटफुल डेड’ हे नाव उरलेल्यांनी मिटवून ठेवलं. मधल्या तीस वर्षांत त्यांनी सुमारे तेवीसशे कार्यक्रम केले. दोन कार्यक्रमांतल्या गाण्यांची यादी सहसा एकसारखी नसायची. आपल्याकडे बंदिश दोन ओळींची असते आणि गाणं तासाभराचं होतं, त्यातलाच हा प्रकार. त्यांचं ‘डार्क स्टार’ हे गाणं १९६८ साली तबकडीवर आलं ते तीन मिनिटांच्या आत संपणारं. पुढच्याच वर्षीच्या ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर तेच गाणं तेवीस मिनिटांचं आहे. मूळ चाल थोडी वाजवायची, मग दोर सोडायचा. कधी कधी एका गाण्यातून न थांबता थेट दुसऱ्या गाण्यात शिरायचं. चाहते यादी लिहिताना अशा दोन गाण्यांच्या मध्ये बाण काढतात. ‘स्कार्लेट बेगोनियाज’, मग बाण, मग ‘फायर ऑन द माउंटन’. दादाच्या मते सगळी गंमत त्या बाणात असते.

तबकड्यांच्या बाजारात या मंडळींची डाळ फारशी शिजली नाही. पहिल्या दहांत पोचलेलं त्यांचं गाणं एकच, ‘टच ऑफ ग्रे’, तेही १९८७ साली, म्हणजे स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. त्यांचं पोट भरलं ते फिरतीवर, आणि फिरती चालली ती मागोमाग फिरणाऱ्या श्रोत्यांवर. या श्रोत्यांना ‘डेडहेड’ म्हणतात. तिकिटंसुद्धा बँडच्या स्वतःच्या कचेरीतून टपालानं मिळायची. मनीऑर्डर, एक छोटं कार्ड आणि पाकीट. आपलं पाकीट उठून दिसावं म्हणून लोक त्यावर चित्रं काढायचे. दादानं एकदा तारप्याभोवती फेर धरलेला वारली नाच काढून पाठवला होता. तिकिटं आली. चित्रामुळे आली, असं तो आजही शपथेवर सांगतो.

श्रोत्यांपैकी काही जण ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन यायचे. दुसऱ्या कुठल्याही बँडनं त्यांना दारातूनच हाकललं असतं. या मंडळींनी १९८४ साली त्यांच्यासाठी वेगळी जागाच आखून दिली. ध्वनिसंयोजकाच्या मागे मायक्रोफोनच्या काठ्यांचं रान उभं राहायचं. अट एकच, विकायचं नाही. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवा, कुणीतरी अनोळखी माणूस प्रत काढून धाडेल. दादाच्या खोक्यातली वेगवेगळी अक्षरं ही अशी जमली.

२०२५च्या ऑगस्टमध्ये मी त्याच्याकडे होतो. बँडला साठ वर्षं झाली म्हणून उरलेल्यांपैकी दोघे, गिटारवादक बॉब वीर आणि तालवादक मिकी हार्ट, ‘डेड अँड कंपनी’ या नव्या संचासह सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये तीन दिवस वाजवणार होते. मैदान तेच, पोलो फील्ड. १९६७च्या जानेवारीत हिप्पींचा मोठा मेळावा भरला, तेव्हा हा बँड तिथं वाजवून गेला होता. १९९५ साली गार्सियाच्या शोकसभेला लोक तिथंच जमले होते. आम्ही दुसऱ्या दिवशी, शनिवारी गेलो. ऑगस्ट म्हणून मी हाफ शर्टात निघालो, तर दादानं अंगावर स्वेटर फेकला. ‘‘इथला उन्हाळा महाबळेश्वरच्या पावसाळ्यासारखा असतो,’’ म्हणाला. खरंच, दुपारी तीनला समुद्राकडून धुकं आलं आणि झाडांचे शेंडे दिसेनासे झाले.

मैदानाबाहेर जत्रा. रंगीत गाठी मारून रंगवलेले बनियन, मण्यांच्या माळा, तव्यावर भाजलेली चीज सँडविचेस. गर्दीत काही माणसं एक बोट वर करून नुसती उभी. मला वाटलं, कसला तरी नवस असावा. दादा म्हणाला, ‘‘नवसच आहे. फुकट तिकीट मागतायत. याला ‘मिरॅकल’ म्हणतात.’’ तीन दिवसांचं तिकीट सहाशे डॉलरच्या वर होतं. ज्या बँडनं याच बागेच्या कडेला एकेकाळी फुकट वाजवलं, त्याच्या दारात फुकट प्रवेश आता चमत्कार ठरावा, हे दादालाही खटकत होतं. पण पैसे त्यानंही भरलेच होते.

सगळंच काही सात्त्विक नव्हतं, आणि दादा ते लपवतही नाही. नशेनं इथली कितीतरी माणसं नेली. खुद्द गार्सिया व्यसनमुक्ती केंद्रातच गेला. १९९५च्या जुलैमध्ये इंडियानात बिनतिकीट जमावानं कुंपण पाडलं, तेव्हा बँडला दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला आणि चाहत्यांना उघड पत्र लिहावं लागलं. या गर्दीत नशा सोडलेल्यांचाही एक गट आहे, ‘व्हार्फ रॅट्स’. मध्यंतरात ते पिवळे फुगे लावून एका टेबलापाशी जमतात. ज्याला घोटाची आठवण छळते, त्यानं फुगा शोधत यायचं. नशेवर सभा-परिषदा पुष्कळ ऐकल्या. संगीत न सोडता नशा सोडायची सोय मी प्रथमच पाहिली.

आणि संगीत? प्रामाणिकपणे सांगतो, पहिला पाऊण तास मीही घड्याळ बघितलं. गिटार कुठंतरी भरकटली होती, चाल सापडत नव्हती, माझ्या पायांना गोळे आले होते. माझ्या पुढे सत्तरीच्या एक बाई होत्या. पांढरी वेणी, खांद्यावर जुनी घोंगडी, डोळे मिटलेले. त्या नाचत नव्हत्या, नुसत्या टाचेवर डुलत होत्या. बराच वेळ तसा गेला. मग एकाएकी त्यांनी उजवा हात वर नेला आणि तळवा उघडला. पुढच्याच क्षणी साऱ्या वाद्यांनी मूळ चाल एकदम पकडली आणि मैदान ओरडलं. बाईंना ती येताना आधी ऐकू आली होती. सवाई गंधर्व महोत्सवात पुढच्या सतरंजीवरचे म्हातारे समेच्या आधी असाच हात उचलतात. तिथं मला घड्याळाचा विसर पडला.

उत्तरार्धात फक्त तालवाद्यांचा भाग असतो. कितीतरी लोक तेवढ्यात स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. डेडहेडांच्या पंक्तीतला हा जुना विनोद आहे. दादा मात्र हलत नाही. मिकी हार्ट तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. याच हार्टनी आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांना घेऊन १९७६ साली ‘दीगा’ हा अल्बम केला. त्यातल्या एका तालरचनेतून पुढे ‘फायर ऑन द माउंटन’ उभं राहिलं. पुढे त्या दोघांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला ग्रॅमीही मिळालं. झाकीरभाई आदल्या डिसेंबरात याच शहरात गेले. ढोल घुमत होते आणि दादा उजव्या हाताच्या बोटांनी मांडीवर काहीतरी मोजत होता. तीनताल असावा. मी विचारलं नाही.

रात्री घरी चहा घेताना दादानं ‘कॉर्नेल’ची गोष्ट सांगितली. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम, डेडहेडांच्या लेखी सगळ्यात लाडका. बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन हिनं तो मुद्रित केला. पुढे तिच्यावर वाईट दिवस आले, भाडं थकलं, आणि गोदामात ठेवलेली तिची रिळं १९८६च्या सुमाराला लिलावात गेली. घेणाऱ्यांपैकी काहींना संगीताशी देणंघेणंही नव्हतं. काही रिळं दमट जागी पडून बुरसली. तरी चाहत्यांनी ती मिळवली, साफ केली, प्रती काढल्या आणि वाटल्या. कॉर्नेलचं ते मुद्रण आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय नोंदीत आहे. ते टिकलं, कारण एकाच्या कुलपात राहिलं नाही.

मग कपात बघत तो म्हणाला, ‘‘मी नव्वद साली मामांकडे एक कॅसेट मागितली होती. आठवतंय तुला?’’

आठवत होतं. मामा म्हणजे माझे वडील. सदाशिव पेठेतल्या घरगुती मैफलींची त्यांनी स्वतः केलेली मुद्रणं आमच्या लोखंडी कपाटात होती, किल्ली देवघरात. बाबांनी दादाला चिवडा दिला, लाडू दिले, कॅसेट दिली नाही. ‘‘एकदा बाहेर गेली की तिचं मोल जातं,’’ असं ते म्हणायचे. वाईट माणूस नव्हते. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक संग्राहकांचा तोच धर्म होता. आपल्याकडे असलेलं दुसऱ्याकडे नसणं, हीच त्यांची श्रीमंती.

पुण्याला परतल्यावर मी ते कपाट उघडलं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता, हा माझाच आळस. एक्केचाळीस कॅसेटी निघाल्या. बहुतेकींच्या फितीवर पिठासारखी पांढरी बुरशी. दुरुस्त करणाऱ्यानं महिनाभर खटपट करून अकरा वाचवल्या. त्यातल्या एकीत मध्यलय अगदी भरात आली असताना खट् आवाज येतो. बाजू उलटल्यावर आधी बाबांचा दबका आवाज, ‘‘चालू झालं, चालू झालं,’’ आणि मग गाणं. मधलं जे गेलं, ते गेलं. उरलेल्या तीसांत काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

त्या अकरांच्या प्रती मी काढल्या. एकेक संच त्या कलावंतांच्या घरी पोचवला, पुढे देऊ का म्हणून विचारलं आणि होकार मिळाला तेवढ्या दादाला पाठवल्या. तुमच्या घरी असं कपाट असेल, तर दिवाळीच्या साफसफाईची वाट बघू नका. या रविवारी किल्ली शोधा. बुरशी तुमच्याआधी पोचलेली नसेल, तर कलावंताच्या घरच्यांना विचारून निदान एक प्रत घराबाहेर जाऊ द्या.