धर्मपीठ आणि समाजाची उतरंड

चर्च ही परकी संस्था आहे, असे हिंदुत्ववादी सांगतात. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असे चर्चचे अनेक धुरीण सांगतात. वरवर परस्परविरोधी दिसणारी ही दोन्ही विधाने एकाच भ्रमावर उभी आहेत. तो भ्रम म्हणजे, धर्मसंस्था भोवतालच्या समाजापासून अलिप्त राहू शकते. प्रत्यक्षात ग्रंथ कोणताही असो, धर्मपीठावर कोणी बसावे आणि कोणी पायरीशी उभे राहावे, हे बहुधा समाजाची उतरंडच ठरवते.

पुणेकरांना पंडिता रमाबाईंचे उदाहरण परके नाही. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथे त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी त्यास विरोध केला. पुरुषांना शिकवल्यास स्वदेशात रमाबाईंचे वजन उरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद धर्मशास्त्राचा नव्हता. व्हिक्टोरियन मर्यादाशीलता आणि हिंदुस्थानातील वरिष्ठ वर्णांची रूढी यांची ती युती होती. रमाबाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही हवाली केली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात स्त्रियांनी छापखाना चालवला आणि बायबलचे सोपे मराठी भाषांतर छापले गेले. बिशपांनी नाकारलेला अधिकार एका स्त्रीने स्वतःच्या संस्थेत सिद्ध करून दाखवला.

दुसरा प्रश्न पैशाचा. नगर जिल्ह्यात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे सूत्रसंचालन बोस्टनहून होत असे. जेथून वेतन येते तेथूनच आज्ञा येते, हा अर्थशास्त्रातला साधा नियम धर्मकार्यालाही लागू पडतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हे ओळखले. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली त्यांचे निधन झाले.

परंतु येथेच न थांबता पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. मराठी ख्रिस्ती समाज म्हटला की निळकंठशास्त्री गोरे, टिळक, रमाबाई ही ब्राह्मण कुळांतून आलेली नावे सुशिक्षितांच्या ओठावर येतात. नगरकडच्या ज्या महार-मांग कुटुंबांनी तेथील मंडळ्या भरल्या, त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? साये गोरे गेले, म्हणून सत्ता खालपर्यंत झिरपली असे झाले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये कॅथलिक बिशप परिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. भारतातला पहिला दलित कार्डिनल, अँथनी पूला, २०२२ साली झाला!

या दिरंगाईची किंमत गरिबाने मोजली आहे. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित मात्र बाहेरच राहिले. ‘तुमच्या धर्मात जात नाही ना?’ हा शासनाचा सवाल आहे आणि त्याला हत्यार पुरवणारे विधान चर्चच्याच व्यासपीठांवरून होत आले. अस्पृश्यता बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन निघत नाही, हे गावच्या पाणवठ्याला माहीत असते. धर्मपीठाला ते उशिरा कळते.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्याची भूमिका दुहेरी असली पाहिजे. चर्चवर होणाऱ्या जातीयवादी हल्ल्यांपुढे अल्पसंख्याकांच्या बाजूने निःसंदिग्धपणे उभे राहावे. आणि त्याच समाजातील दलितांनी व स्त्रियांनी अधिकारपदे मागितली, तर ‘तो त्यांचा अंतर्गत प्रश्न’ म्हणून अंग काढून घेऊ नये. डॉ. लोहियांनी साठ टक्के जागांची मागणी केली, तेव्हा अल्पसंख्याकांतील मागासांनाही त्यात धरले होते. आणि हा आरसा चर्चपुढे धरताना पक्षाने आपल्या कार्यकारिणीची यादीही एकदा डोळ्यांखालून घालावी. उतरंड तेथेही असेल, तर उपदेशाचा अधिकार आधी कमवावा लागेल.