अर्थशास्त्राची मक्तेदारी आणि मार्गदर्शनाची खिरापत

१९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत सांगितले की या देशातील सत्तावीस कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर गुजराण करतात. पंतप्रधान नेहरूंनी नियोजन मंडळाच्या हिशेबाचा हवाला देऊन तो आकडा पंधरा आण्यांचा असल्याचे उत्तर दिले. तीन आणे की पंधरा आणे, हा वाद आपल्या चळवळीत आजही अभिमानाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वादातील एक बोध आपण पुरता घेतलेला नाही. सरकारी सरासरीत कोट्यधीशाची मिळकत शेतमजुराच्या मिळकतीत कशी मिसळली जाते हे लोहियांना उकलून दाखवता आले, कारण ते स्वतः त्या शास्त्रात तयार झालेले होते. मिठावरील कराच्या प्रश्नावर त्यांनी बर्लिन विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. सत्ताधाऱ्यांच्या आकड्याला आकड्याने उत्तर देण्याची ताकद सभागृहात नुसत्या घोषणा देऊन येत नाही. मग आज ती ताकद कोणाच्या हाती आहे, आणि कोणाच्या हाती ती येऊ दिली जात नाही, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने विचारायला नको काय?

अर्थशास्त्रीय संशोधनाचा व्यवसाय मूठभर थरांच्या हाती आहे हे आता खुद्द त्या व्यवसायातले लोकही नाकारत नाहीत. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुसलमान, शेतकरी कुटुंबांतील मुली यांना त्यात आणायचे तर प्रशिक्षणाचे वर्ग काढावेत, प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक नेमून द्यावा, असा उपाय हल्ली सर्वत्र सुचवला जातो. या उपायाविषयी आपल्या साथींमध्ये दोन मते आढळतात आणि माझ्या मते ती दोन्ही चुकीची आहेत. पहिले मत असे की अर्थशास्त्र हे मुळातच भांडवलदारांचे शास्त्र आहे. त्यात ब्राह्मणाच्या जागी दलित बसला काय किंवा पुरुषाच्या जागी स्त्री बसली काय, शोषणाचे गणित तेच राहणार. दुसरे मत नेमके उलट आहे. गरीब घरच्या मुलांना चांगला गुरू मिळाला की बाकीचे सारे आपोआप होईल, असे ते म्हणते.

पहिल्या मताला आपला इतिहासच उत्तर देतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी विचारले की शेतसाऱ्याच्या रूपाने रयतेच्या घामातून गोळा झालेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर का खर्चावा. करभार कोणावर आणि लाभ कोणाला, हा राजस्वाच्या शास्त्रातला पहिला प्रश्न. पदव्यांनी नटलेल्या त्या काळच्या विद्वानांना तो सुचला नव्हता. १९१८ साली डॉ. आंबेडकरांनी हिंदुस्थानातील लहान शेतांवर निबंध लिहिला. शेतांचे एकत्रीकरण केले की शेती सुधारेल असे सारे पंडित सांगत असताना त्यांनी दाखवले की खरा रोग शेतीवर पडलेल्या माणसांच्या अतिरिक्त भारात आणि भांडवलाच्या चणचणीत आहे. पुढे सत्तरच्या दशकात देवकी जैन यांनी राजस्थान व पश्चिम बंगालमधील खेड्यांत बाया-पुरुषांचे दिवसभराच्या कामाचे तास मोजवले, आणि सरकारी पाहणीत ज्यांची गणना काम न करणाऱ्यांत होत होती त्या बायका प्रत्यक्षात पहाटेपासून राबत असतात हे उजेडात आले. शास्त्र तेच होते. प्रश्न विचारणारा बदलला, म्हणून उत्तर बदलले. ज्या साथींना हे शास्त्र बूर्झ्वा वाटते त्यांनी ते बूर्झ्वांच्या ताब्यात का राहिले याचाही विचार करावा.

दुसऱ्या मताची परीक्षा करायची तर अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण अर्थशास्त्राच्या व्यवसायात असे प्रशिक्षण आणि असे मार्गदर्शन तिथे अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू आहे. त्याची पार्श्वभूमी ध्यानात घेण्यासारखी आहे. १९२१ साली सॅडी अलेक्झांडर या कृष्णवर्णीय स्त्रीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. दक्षिणेतून फिलाडेल्फियात आलेल्या शंभर कृष्णवर्णीय कुटुंबांचे राहणीमान हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. अशी पदवी मिळवणारी त्या देशातील ती पहिलीच कृष्णवर्णीय स्त्री. परंतु अर्थशास्त्रज्ञ म्हणून तिला कोणी उभे केले नाही; अखेर ती कायदा शिकली आणि वकील झाली. पदवी तिच्याजवळ होती, उणीव होती ती दार उघडणाऱ्याची. पुढे १९६९ साली कृष्णवर्णीय अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःचा गट उभारून अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनला जाब विचारला. १९७१ साली स्त्रियांच्या स्थानाविषयी समिती नेमली गेली, आणि १९७४ सालापासून अल्पसंख्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी गणित, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती शिकवणारे उन्हाळी प्रशिक्षण सुरू झाले. म्हणजे हे कार्यक्रमही कोणाच्या औदार्यातून उगवले नाहीत, त्यांच्यामागे संघटित दबाव होता.

या प्रयत्नांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली, आणि ‘गुणवत्ते’चा जप करणाऱ्यांनी ती कान देऊन ऐकावी. २००४ पासून तिथे तरुण स्त्री-अध्यापकांसाठी दोन-अडीच दिवसांची मार्गदर्शनाची कार्यशाळा भरू लागली. अर्ज जागांहून अधिक येत, म्हणून सारख्या पात्रतेच्या अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकून निवड केली गेली. पुढे काही वर्षांनी दोन्ही गटांची तुलना झाली, तेव्हा चिठ्ठीत जिचे नाव निघाले तिचे शोधनिबंध आणि संशोधन-अनुदाने, जिचे नाव निघाले नाही तिच्यापेक्षा अधिक भरली. दोघींची बुद्धी तीच आणि कष्टही तेच. फरक एवढाच की एकीला निबंध कुठे धाडावा, नकार आला तर काय करावे, कोणाला पत्र लिहावे, हे सांगणारी माणसे भेटली. प्रतिष्ठित घरांतील आणि प्रतिष्ठित संस्थांतील मुलांना ही माहिती जेवणाच्या पंगतीत मिळते. तिला आपण गुणवत्ता म्हणतो, आणि ज्याला ती मिळाली नाही त्याला नापास करतो.

तेव्हा मार्गदर्शन निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच अमेरिकेतील दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अर्ध्या शतकानंतरही तिथे अर्थशास्त्राची नवी डॉक्टरेट मिळवणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास अडकून पडले आहे, आणि कृष्णवर्णीयांचे तर अत्यल्पच आहे. हॉवर्ड विद्यापीठात शिकवणारे आणि कामगार महासंघाचे अर्थतज्ज्ञ असलेले विल्यम स्प्रिग्ज यांनी २०२० साली आपल्या व्यवसायबंधूंना एक खुले पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या हलाखीचे कारण त्यांच्यातच कुठेतरी असले पाहिजे असे आधीच गृहीत धरून अर्थशास्त्रज्ञ समीकरणे मांडतात, हा त्यांचा आरोप होता. दोष शिष्यात आहे असे मानूनच गुरू नेमला जात असेल, तर ती शाळा गुरूला कधीच तपासत नाही. शिवाय मेहेरबानी काढून घेता येते. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी आदेश काढून संघराज्य शासनातील विविधता व समावेशनाचे कार्यक्रम बंद करण्यास फर्मावले. सद्भावनेच्या पायावर उभारलेली इमारत एका सहीने हलते, ती अशी.

हा धडा आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि सेलिग्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. गुरू उत्तम होता, शिष्य असामान्य होता. तरीही १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपताच त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. बडोद्यात नोकरी होती, राहायला जागा कोणी देईना. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तर त्यांनी पाण्याच्या सामायिक भांड्याला हात लावण्यावर सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पगारातून टाकलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथातील मते प्राध्यापक कॅनन यांना पूर्णपणे पटलेली नव्हती, तरी त्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मार्गदर्शक असावा तर असा. पण कॅनन भेटले म्हणून तीन वर्षांचा खंड भरून निघाला नाही. जो खंड बाबासाहेबांनी ओलांडला, त्यात किती भीमराव गडप झाले असतील याची नोंद कोणत्या अहवालात आहे?

शंभर वर्षांनंतर महाराष्ट्रात काय चित्र दिसते? ‘बार्टी’, ‘सारथी’, ‘महाज्योती’ अशा संस्था निघाल्या, ही चळवळीचीच कमाई आहे. परंतु २०२३ साली ‘बार्टी’च्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी आझाद मैदानात उन्हातान्हात धरणे धरून बसावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधान परिषदेत अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. कारखान्याला सवलत देताना असा प्रश्न कोणी विचारत नाही. पीएच.डी. झालेल्याच्या पुढे काय वाढून ठेवलेले असते ते पाहा. कायम जागा रिकाम्या, आणि तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक तुटपुंज्या मानधनासाठी महिनोन् महिने वाट पाहणारे. ज्याला पुढच्या महिन्याचे घरभाडे ठाऊक नाही त्याला संशोधनाची दिशा कशी धरावी यावर व्याख्यान देणे ही क्रूर थट्टा आहे.

राखीव जागांची अवस्थाही याहून वेगळी नाही. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने फर्मान काढले की अध्यापकांच्या आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ हे एकक न धरता प्रत्येक विभाग हे एकक धरावे. त्या तेरा बिंदूंच्या नामावलीत चौथी जागा इतर मागासवर्गीयांना, सातवी अनुसूचित जातीला आणि अनुसूचित जमातीची पाळी येते ती चौदाव्या जागेला. ज्या अर्थशास्त्र विभागात सहाच शिक्षक आहेत तिथे दलित उमेदवाराला आरक्षणाने जागा मिळण्याचा प्रश्नच उरला नाही, आदिवासीची तर गोष्टच सोडा. देशभर आंदोलन झाले, तेव्हा कुठे मार्च २०१९ मध्ये अध्यादेश आणि त्याच वर्षी कायदा होऊन केंद्रीय संस्थांत जुनी पद्धत परत आली. हिशेबाच्या एका बारीक तरतुदीने शेकडो तरुणांचे भविष्य पुसता येते. शंभर मार्गदर्शन शिबिरे भरवली असती तरी ही तरतूद हटली नसती. ती रस्त्यावर आलेल्या माणसांनी हटवली.

म्हणून आपल्या पक्षाची भूमिका स्पष्ट असावी. प्रशिक्षण आणि मार्गदर्शन यांची मागणी आपण अवश्य करू, पण हक्क म्हणून आणि अटींसह. अधिछात्रवृत्ती दरमहा ठरल्या तारखेला मिळावी, आणि प्रबंध सादर होईपर्यंत ती खंडित होऊ नये. मराठी माध्यमातून एम.ए. झालेल्यांसाठी गणित, संख्याशास्त्र आणि राष्ट्रीय नमुना पाहणीची मूळ आकडेवारी हाताळण्याचे वर्षभराचे शिक्षण विद्यावेतनासह आणि मराठीतून असावे. त्यासाठी इंग्रजी शिकवावे, पण इंग्रजी येत नाही म्हणून दार लावू नये. ज्या गाईडच्या सहीवर विद्यार्थ्याचे पोट अवलंबून आहे त्यालाच त्याचा हितचिंतक ठरवण्याची पद्धत बंद व्हावी. संस्थेबाहेरचा दुसरा मार्गदर्शक असावा आणि गाईड बदलण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असावा. कार्यक्रम चालवणाऱ्या समितीवर विद्यार्थ्यांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. किती जणांनी प्रवेश घेतला, किती गळाले, किती कायम नोकरीत लागले, याची जात आणि स्त्री-पुरुष यांनुसार विभागवार आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी. आणि या सर्वांच्या आधी, रिकाम्या जागा भराव्यात. शेवटी जागाच नसेल तर प्रशिक्षण म्हणजे बेकारांची अधिक सुशिक्षित रांग लावणे होय.

काही भार आपणही उचलला पाहिजे. विशेष संधीचा सिद्धांत लोहियांनी मांडला आणि शंभरातील साठ जागांची घोषणा आपण गावोगावी दिली. पण आपल्या अभ्यासवर्गांत वक्ते कोण असतात आणि सतरंज्या कोण घालतो, हे प्रत्येक शाखेने प्रामाणिकपणे पाहावे. ऊसतोड मजुरांच्या कोयत्याचा दर, हमालांची पटी, घरकामगार बाईचे दिवसाचे तास यांची नोंद आपले कार्यकर्ते वर्षानुवर्षे ठेवत आले आहेत. ती माहिती वह्यांत पडून वाळवी खाते, आणि त्याच विषयावर बाहेरून आलेला पंडित महिनाभर हिंडून पुस्तक लिहितो. त्या वह्या ज्यांनी भरल्या त्यांच्याच मुलामुलींपैकी कोणी उद्या त्यांचा प्रबंध करील, अशी व्यवस्था प्रत्येक जिल्ह्यात का होऊ नये?

तीन आण्यांचा हिशेब लोहियांनी मांडला तो दुसऱ्यांच्या वतीने. तीन आण्यांवर जगलेल्या घरातला माणूस स्वतःचा हिशेब स्वतः मांडील आणि त्याला उत्तर देणे राज्यकर्त्यांना भाग पडेल, तो दिवस लवकर यावा यासाठी हा झगडा आहे. या अधिवेशनात अधिछात्रवृत्ती आणि रिक्त जागा यांवर आपल्या प्रतिनिधींनी सरकारला धारेवर धरावे, आणि आझाद मैदानात विद्यार्थी पुन्हा बसतील तेव्हा त्यांच्या शेजारी आपले कार्यकर्ते बसलेले असावेत.