दुभागी कळफलक आणि इसाराची रक्कम



आपल्या सीमाभागातील व्यापार म्हणजे मुख्यत्वेकरून धान्य, डाळी, कापड आणि किराणा यांचा व्यापार. बिदरचा उडीद-मूग आणि कलबुर्गीची तूर यांवर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. परंतु घरची मुले आता अडतीच्या गादीवर बसण्यास उत्सुक नाहीत. कलबुर्गीच्या १९५८ साली स्थापन झालेल्या पी. डी. ए. अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा बिदरच्या गुरु नानक देव महाविद्यालयातून पदवी घेऊन ती हैदराबाद, पुणे, बेंगळुरू गाठतात. त्यांतील काही मुले नोकरी सोडून स्वतःचा धंदा करू म्हणतात, ही गोष्ट व्यापारी कुळांना अभिमानाची वाटली पाहिजे. प्रत्यक्षात मात्र ज्या मालाचे नावही आपण ऐकलेले नाही, त्या मालाच्या धंद्यास आपण एकदम ‘पोरखेळ’ म्हणून मोकळे होतो.

अशाच एका तरुणाने, तो नात्याने आमचा पुतण्या होय, हौशी लोकांसाठी दोन भागांचा यांत्रिक कीबोर्ड काढण्याचा मनोदय घरात बोलून दाखविला. त्या निमित्ताने या धंद्याची जी माहिती झाली आणि तीवरून जो विचार मनात आला, तो आपणांपुढे ठेवीत आहे. कमठाण्याच्या प्राचीन पार्श्वनाथ बसदीच्या परिसरात वाढलेल्या माणसाने संगणकाच्या कळांविषयी लिहावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु प्रश्न कळांचा नाही, व्यवहाराचा आहे.

प्रथम मालाची ओळख. आपल्या दुकानातील संगणकास जो कीबोर्ड असतो, तो काही शे रुपयांस मिळतो. त्यातील सर्व कळांखाली रबराचा एकच पापुद्रा असतो. यांत्रिक कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच आणि स्वतंत्र स्प्रिंग असते. एक स्विच बिघडला तर तेवढाच बदलता येतो. बोटाखाली कळ किती जड लागावी, टकटक वाजावी की मुकाट्याने दबावी, हेही घेणाऱ्याच्या पसंतीने ठरते. दुभागी कीबोर्डाचे मधोमध दोन तुकडे केलेले असतात. अरुंद पाटीवर दोन्ही हात जवळ आणून टंकलेखन करताना मनगटे बाहेरच्या बाजूस मुरडतात. तुकडे खांद्यांइतके दूर ठेवले म्हणजे हात सरळ राहतात. याने दुखणे बरे होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मुरड कमी होते, एवढे खरे. असे कीबोर्ड परदेशातून मागविल्यास जकात-कर धरून बरेच महाग पडतात.

ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेत शोल्स याने टंकलेखन यंत्राचे एकस्व १८६८ साली घेतले आणि बंदुका बनविणाऱ्या रेमिंग्टन कारखान्याने ते यंत्र १८७४ साली बाजारात आणले. त्यानंतर अवघ्या अर्धशतकात, १९२६ साली, जर्मनीत क्लॉकेनबर्ग या संशोधकाने कळांचे दोन गट वेगळे करावेत असे सुचविले. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये माल्ट्रॉनचा दुभागी कळफलक तयार झाला. १९९४ साली मायक्रोसॉफ्टने मध्ये फाकलेला कीबोर्ड सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेला. आपल्या मुंबईत गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ पासून टंकलेखन यंत्रे बनविली. २००९ साली ते उत्पादन थांबले. पुढे चेरी या जर्मन कंपनीच्या स्विचांचे एकस्व संपले, चिनी कारखाने त्याच घाटाचे स्विच स्वस्तात बनवू लागले आणि कीबोर्ड चालविणाऱ्या आज्ञावल्या हौशींनी सर्वांस विनामूल्य खुल्या केल्या. त्यामुळे एकट्यादुकट्या तरुणासही आपला कीबोर्ड स्वतः आखून बनवून घेणे शक्य झाले आहे.

या धंद्यात आपल्या भागास काही स्थान आहे काय? आमच्या मते आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळांची मांडणी ठरविली. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक सर्व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. म, न, व अशी थोडीच व्यंजने डावीकडे गेली आहेत. म्हणजे दुभागी कीबोर्डाचा सांधा जेथे पडतो, जवळजवळ तेथेच आपल्या बाराखडीचाही सांधा पडतो. शिवाय ही मांडणी देवनागरीस आणि कन्नडास एकच आहे. मराठी ‘क’ जेथे, तेथेच कन्नड ‘क’. ज्या घरात बोलणे मराठी, शाळा कन्नड आणि सरकारी कागद कन्नड, अशा आपल्या घरांस याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. दोन्ही लिप्यांची अक्षरे कोरलेल्या कळांचा संच सीमाभागातील माणसाने काढावा, हेच उचित होय. हौशी मंडळी एकेका शोभेच्या कळीस वेगळे दाम मोजतात असेही समजते. जस्त-तांब्याच्या धातूवर चांदीचे तारकाम करून बिदरच्या किल्ल्यातील मातीने काळी झळाळी देणारे कारागीर आपल्या शेजारी आहेत. त्यांतील शाह रशीद अहमद कादरी यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. सुरई आणि पानदानावर चालणारा तो हात एका कळीवर चालणार नाही असे नाही. तेव्हा या धंद्यास पोरखेळ म्हणणे आम्हांस मान्य नाही.

परंतु आता मुख्य गोष्टीकडे वळू. हा माल दुकानात मांडून विकला जात नाही. गिऱ्हाईक थोडे, तेही गावोगाव विखुरलेले. कारखाना ठराविक नगांखाली मागणी घेत नाही. म्हणून प्रथम वानगीचा एक नग बनवावयाचा, त्याची चित्रे व वर्णन प्रसिद्ध करावयाचे, हौशींकडून पूर्ण रक्कम आगाऊ घ्यावयाची, आणि त्या रकमेतून माल बनवून सहा महिन्यांनी, वर्षाने पोचता करावयाचा, अशी रीत पडली आहे. तरुण तिला ‘ग्रुप बाय’ म्हणतात. आपणांस ती रीत अपरिचित नाही. वानगी दाखवून सौदा, सौद्यावर इसार, आणि मुदतीस माल, हे आपल्या बापजाद्यांनी केले. भेद इतकाच की आपला इसार रकमेचा अल्पांश असतो आणि समोरचा माणूस ओळखीचा असतो. येथे सर्वच रक्कम इसार असते आणि देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसते.

यातील धोका आकड्यांनी पाहू. उदाहरणादाखल असे धरा की दोनशे गिऱ्हाइकांनी प्रत्येकी अठरा हजार रुपये भरले. तरुणाच्या खात्यावर छत्तीस लाख रुपये दिसू लागले. एवढी रक्कम पाहून कोणाचेही मन हुरळेल. पण त्यात अठरा टक्के जीएसटी अंतर्भूत असल्याने जवळजवळ साडेपाच लाख सरकारचे. सुटे भाग नगास अकरा हजार धरले तर बावीस लाख कारखानदारांचे. साच्याचा आणि वानगीचा खर्च पाच लाख. उरले साडेतीन लाख. डॉलर पाच टक्क्यांनी चढला तर भागांच्या किमतीत एक लाख दहा हजार वाढतात. दोनशेंत दहा नग सदोष निघाले तर बदलून देण्यास तितकेच जातात. उरले एक लाख तीस हजार, आणि त्यातून पेट्या, टपालखर्च व वर्षभराची मेहनत भागवावयाची! धान्याच्या व्यापाऱ्यास घट-तूट धरल्याखेरीज भाव बोलता येत नाही. संगणकाच्या व्यापाऱ्यास ती सवलत कोणी दिली?

अमेरिकेतील एका जोडप्याचे उदाहरण बोधप्रद आहे. ‘कीबोर्डिओ’ या नावाने त्यांनी २०१५ साली लाकडी चौकटीच्या दुभागी कीबोर्डासाठी आगाऊ मागण्या घेतल्या. साडेसहा लाख डॉलरांच्या आसपास रक्कम जमली. २०१६ साली देऊ म्हटलेला माल २०१७च्या अखेरीपासून हळूहळू पोचू लागला. एवढ्यावर संकट संपले नाही. चीनमधील कारखान्याच्या ज्या प्रतिनिधीमार्फत व्यवहार चालला होता, तिनेच फसवणूक केल्याचे २०१८ साली उघडकीस आले. पण या दांपत्याने अडचणी लपविल्या नाहीत. विलंब, दोष, फसवणूक, सर्व काही गिऱ्हाइकांस वेळोवेळी पत्रे लिहून कळविले आणि माल दिला. म्हणून त्यांची पत शाबूत राहिली आणि पुढचा मालही खपला. उलट, रक्कम घेऊन वर्षानुवर्षे मौन धरणारे आणि अखेर दिसेनासे होणारे लोकही या बाजारात होऊन गेले. दोघांत फरक बुद्धीचा नव्हता. घेतलेली रक्कम कोणाची, या समजुतीचा होता.

याचे उत्तर आपणांस परक्या मुलखातून आणावयास नको. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ सांगितला आहे. कोणी ठेव ठेवली, काळ लोटला, तो रक्कम विसरला आणि कमी मागू लागला. तेव्हा ‘होय, तेवढीच होती’ असे म्हणून उरलेली ठेवून घेणे, हा न्यासापहार. लक्षात घ्या, हा दोष अचौर्याच्या यादीत नसून सत्याच्या यादीत आहे. कारण तेथे हात चोरी करण्यापूर्वी जीभ खोटे बोलते, आणि कित्येकदा ती केवळ गप्प राहूनच खोटे बोलते. अचौर्याच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, म्हणजे चांगल्या मालाच्या नावाखाली हलका माल देणे. वानगीत एक स्प्रिंग दाखवून मालात दुसरी घालणे हे त्याचेच आधुनिक रूप. हे नियम तागडी आणि माप यांच्या काळी सांगितले गेले, तरी दुभागी कीबोर्डास ते तंतोतंत लागू पडतात.

म्हणून या धंद्यात पडणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे असे. आगाऊ आलेली रक्कम गिऱ्हाइकाच्या नावे जमा धरा. माल त्याच्या हाती पडेपर्यंत ती देणे आहे, नफा नव्हे आणि भांडवलही नव्हे. तिच्यासाठी बँकेत निराळे खाते ठेवा आणि घरखर्चास त्यातील एक पैही लावू नका. प्रत्यक्ष तयार, वापरून पाहिलेली वानगी हाती असल्यावाचून कोणाचे पैसे घेऊ नका. मुदत सांगताना आशेवर सांगू नका, घट-तूट धरून सांगा. आणि ती टळणार असे दिसताच गिऱ्हाइकाने विचारण्याची वाट न पाहता पत्र लिहा. बिनतारी कीबोर्डास सरकारी आदेशान्वये सक्तीची नोंदणी लागते, तिचा खर्च व अवधी आधीच हिशेबात घ्या.

परंतु उपदेशाचा सर्व भार तरुणांवरच टाकणे न्याय्य नाही. साच्याचे पाच लाख गिऱ्हाइकाच्या पैशातून का जातात? मुलास दुसरे भांडवल मिळत नाही म्हणून. दोनशेंपैकी पन्नास गिऱ्हाइकांनी कंटाळून पैसे परत मागितले, तर साचा वितळवून रुपये होत नाहीत. आणि मग एकाचे देणे दुसऱ्याच्या ठेवीतून फेडण्याचा तो घातकी फेरा सुरू होतो. बहुतेक अपहार हे बदमाषीने नव्हे तर या फेऱ्याने घडतात. साच्याचे भांडवल हे धंद्याच्या जोखमीचे भांडवल होय, आणि जोखीम उचलणे हे घरच्या पेढीचे काम, अनोळखी गिऱ्हाइकाचे नव्हे. लग्नातील एका दिवसाच्या रोषणाईस आपण जे खर्चितो, त्यात कित्येक साचे पडतील. मुलाने गिऱ्हाइकाच्या ठेवीस हात लावू नये असे वाटत असेल, तर बापाने आणि काकाने आपल्या तिजोरीस हात लावला पाहिजे. आम्ही आमच्यापुरते तसे ठरविले आहे.

संघानेही एक पाऊल टाकावे, अशी नम्र सूचना आहे. आगाऊ रकमेवर धंदा करणाऱ्या सभासदांच्या मुलांसाठी संघाने दोन अनुभवी सभासद नेमावेत. त्या निराळ्या खात्यावर मुलाच्या सहीबरोबर त्यांपैकी एकाची सही असावी, आणि दर तिमाहीस खात्याचा गोषवारा गिऱ्हाइकांस पाठविला जावा. यात अविश्वास नाही. आपल्या मंदिरांच्या व धर्मशाळांच्या पेट्या एकाहून अधिक किल्ल्यांनी उघडतात, त्या काय विश्वस्तांवर संशय म्हणून? ‘या मुलाच्या मागे त्याचा व्यापारी संघ उभा आहे’ एवढे एक वाक्य बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या अनोळखी गिऱ्हाइकास कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक आश्वासक वाटेल.

धान्य गेले काय आणि कळफलक आला काय, माल बदलतो. ज्याने आपणांस न पाहता पैसे दिले, त्याची ठेव सांभाळण्याचा धर्म बदलत नाही. तरुणांनी हा धंदा अवश्य करावा, वडिलांनी भांडवल अवश्य द्यावे, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेच्या मजकुराची जुळणी आपल्याच एखाद्या मुलाने बनविलेल्या मराठी-कन्नड कळफलकावर व्हावी, अशी शुभेच्छा व्यक्त करून येथेच थांबतो.

जयजिनेंद्र.