जुन्या मनोऱ्याचा तळमजला कोणासाठी?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि कोळगावला सिडकोने बांधलेले त्याचे मुख्यालय १९ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. मोकळ्या जागेवर सगळे नव्याने उभे करणे भाग होते. मुंबईत मात्र राज्य सरकारने दुसरी वाट धरली. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची २३ मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांना विकत घ्यायचे मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने होकार दिला. मंत्रालयात जागा नाही म्हणून बाहेर विखुरलेली कार्यालये तिथे आणायची आहेत. जव्हार-मोखाड्यातल्या ज्या माणसाची फाइल कोळगावात सुटत नाही, त्याला पुढे मुंबईच गाठावी लागते. म्हणून या जुन्या इमारतीची दुरुस्ती हा पालघरचाही विषय आहे.

खरेदी योग्यच झाली. अमेरिकी वास्तुरचनाकार जॉन बर्गी यांचा हा मनोरा १९७४ चा. १२ मार्च १९९३ रोजी इथे गाडीतला बाँब फुटला, २० जणांचा जीव गेला, तरी सांगाडा उभा राहिला. अशा इमारतीत आधी म्हातारी होतात ती वायरिंग, नळ, लिफ्ट आणि वातानुकूलन यंत्रणा. ती बदलता येते. सांगाडा पाडला तर त्यात एकदा ओतलेले सिमेंट-पोलाद मातीमोल होते आणि तेवढेच पुन्हा भाजावे-वितळवावे लागते. जुने ठेवून आतले बदलणे पालघरमधल्या तारापूरला नवे नाही. १९६९ पासून चाललेल्या इथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २०२० मध्ये थांबवून त्यांचे पाइप बदलायला घेतले गेले.

पण सांगाडा तपासल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. खारा वारा काँक्रीटला काय करतो, हे सातपाटी-दांडीच्या लोकांना सांगायला नको: मीठ आत झिरपते, सळई गंजून फुगते, वरचा थर सुटून पडतो. समुद्रासमोर पन्नास वर्षे उभ्या असलेल्या मनोऱ्याचे खांब नमुन्याचे गाभे काढून तपासायला हवेत. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सरकारी कार्यालय म्हणजे फाइलींचे डोंगर, आणि कपाटांनी भरलेली अभिलेख खोली साध्या कचेरीपेक्षा बरीच जड असते. कोणत्या मजल्यावर किती वजन चालेल, हे खाती वाटून देण्याआधी ठरले पाहिजे.

मग आग. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. ५ माणसे गेली, हजारो फाइली जळाल्या. बंदिस्त जिने, धूर अडवणारे दरवाजे, पाण्याचे फवारे, मधल्या मजल्यांवर आसऱ्याची जागा: १९७४ च्या आराखड्यात जे नसेल ते आता बसवलेच पाहिजे, त्यासाठी कितीही केबिन कमी कराव्या लागल्या तरी चालेल.

विजेची बचत हा नंतरचा मुद्दा असला तरी मोठा आहे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीत ६,५१४ खिडक्यांच्या काचा त्याच इमारतीत नव्याने जोडून घेतल्या गेल्या. मुंबईच्या फोर्टमधल्या १९७२ च्या गोदरेज भवनात २०१० मध्ये थंडाव्याची यंत्रे बदलली. दोन्हीकडे वास्तू तीच राहिली, बिल उतरले.

या साऱ्यानंतरही खरा कस तळमजल्यावर लागणार आहे. मोखाड्याचा माणूस पहाटेची एसटी पकडतो, मग गाडीने चर्चगेटला उतरतो. त्याला आधी पास हवा, मग कोणत्या मजल्यावर जायचे ते कळायला हवे, आणि बहुतेकदा त्याचे काम अर्ज देऊन पोच घेण्याइतकेच असते. तेवढ्यासाठी त्याने अठरावा मजला का चढावा? खालचे दोन मजले अभ्यागतांना द्यावेत. सर्व खात्यांची एकत्र आवक-जावक, मराठीत नीट वाचता येतील असे फलक, बसायला बाके, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय, डबा उघडून खायला जागा आणि तान्ह्या लेकरासह आलेल्या बाईसाठी एक खोली. समुद्र दिसणाऱ्या दालनांची वाटणी त्यानंतर व्हावी.

पालघर जिल्ह्यातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात दोन कागद मागावेत: मनोऱ्याच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल आणि तळमजल्याचा नकाशा. निविदा निघण्याआधी हे दोन्ही लोकांना पाहायला मिळाले पाहिजेत.