प्लास्टिकनं कुठलं झाड वाचलं?

आमच्या चर्चमध्ये नाताळच्या तयारीची बैठक होती. त्यात एका सुशिक्षित, सज्जन गृहस्थांनी गेल्या वर्षीचाच मुद्दा यंदाही ठासून मांडला. खरं झाड आणणं म्हणजे निसर्गाची हत्या. प्लास्टिकचं झाड एकदा घ्या, वर्षानुवर्षं वापरा आणि एक झाड वाचवा. कचरा नाही, खर्च एकदाच, आणि तसंही नाताळचं झाड आपलं नाहीच. चार माना डोलल्या आणि पुण्याच्या बोहरी आळीतून सहा फुटी झाड आणायचं ठरलं. मी तिथं बोललो, पण अपुरं बोललो. राहिलेलं इथं सांगतो.

माझा पहिला आणि मुख्य प्रश्न एवढाच आहे: कुठलं झाड वाचलं? ते उभं कुठं आहे? फर आणि स्प्रूस तोडून घरात आणण्याची चाल थंड देशांतली. पुण्यात डिसेंबरात 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतो तो अरोकेरिया, तोही मातीनं भरलेल्या कुंडीत, मुळांसकट, जिवंत. सोलापूर रस्त्यानं मांजरीच्या पुढं उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांमध्ये विचारत जा, हेच उत्तर मिळेल. ते घेणारा माणूस कुऱ्हाड चालवत नाही, घरी नेऊन पाणी घालतो. त्यानं अरोकेरिया न घेता प्लास्टिक आणलं, तर नर्सरीवाला पुढल्या वर्षी एक रोप कमी वाढवतो. म्हणजे झाड वाचलं नाही, एक झाड कमी लागलं. ज्याला आपण वाचवणं म्हणतो, ते प्रत्यक्षात हे आहे.

थंड देशांतही बहुतेक झाडं जंगलातून येत नाहीत. ती शेतात लावतात, आठ-दहा वर्षं वाढवतात, तोडतात आणि पुन्हा लावतात. आपल्याकडं उसाला तोड आली म्हणून जंगलतोड झाली, असं कुणी म्हणत नाही. जंगलतोडीचा हा आक्षेप पूर्वी खरा होता, हे मला मान्य आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत लोक नाताळसाठी जंगलातली कोवळी झाडं आणि शेंडे तोडू लागले, तेव्हा हंसाची पिसं हिरवी रंगवून, तारेला गुंडाळून झाडं बनवली गेली. तिथं भीती खरी होती, म्हणून उपायालाही अर्थ होता. पुण्यात ती भीतीच नाही, तरी उपाय मात्र आपण दुकानातून विकत आणतो.

'झाड वाचवा' ही हाक मला प्यारी आहे, म्हणूनच ती चुकीच्या जागी ऐकू आली की राग येतो. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग पडतात, तिथं ही हाक शंभर टक्के लागू आहे. त्यावर शहाण्या बायकांनी उत्तर काय शोधलं? उभ्या वडापाशी जाऊन पूजा करायची, नाहीतर कुंडीत रोप लावायचं. प्लास्टिकचा वड आणा, असं त्यांपैकी कुणी सुचवलं नाही. गणपतीत शाडू की प्लास्टर हा वाद आमच्या सोसायटीत कितीतरी वर्षं चालला. प्लास्टर हलकं, स्वस्त, टिकाऊ, असं एक बाजू म्हणायची. त्या वादात हेच गृहस्थ शाडूच्या बाजूनं उभे होते आणि फार चांगलं बोलले होते. जे पाण्यात विरघळत नाही, मातीत मिसळत नाही, ते सणाला आणू नये, हा त्यांचाच युक्तिवाद. मला तो तेव्हा पटला होता, आजही पटतो. मग नाताळ आला की तो कुठं जातो?

तो इथंही लागू आहे, कारण प्लास्टिकचं झाड म्हणजे पोलादी तारेत पिळलेल्या पीव्हीसीच्या पट्ट्या. तार आणि प्लास्टिक सुटं करायला भंगारवाल्याला सवड नसते. ते जाळलं तर हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर होतो. न जाळलं, तर ते कचरा डेपोत आपल्या नातवंडांसाठी राहतं. मॉन्ट्रियलमधल्या एका सल्लागार संस्थेनं 2009 मध्ये हिशोब मांडला होता. प्लास्टिकचं झाड 20 वर्षांहून जास्त वापरलं, तरच ते दरवर्षी तोडून आणलेल्या झाडापेक्षा हवामानाला कमी जड पडतं. ही तुलना तोडलेल्या झाडाशी आहे. कुंडीत वाढणाऱ्या झाडाशी केली असती, तर प्लास्टिकच्या पारड्यात काय उरलं असतं?

बाकीचे मुद्दे थोडक्यात. कचरा म्हणाल, तर निरोगी अरोकेरिया घरभर पानं गाळत नाही. खर्च म्हणाल, तर माझं झाड 11 वर्षं घरात आहे, त्याला माती आणि मोठी कुंडी एवढंच लागलं. आणि परकेपणा? 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला. 'निरोप्या' हे मराठी मासिक 1903 मध्ये एका जर्मन जेझुइट धर्मगुरूनं, हेन्री डोरिंग यांनी सुरू केलं. नाना पेठेतल्या सिटी चर्चला 1792 मध्ये जागा दिली ती पेशव्यांनी. या शहरात कोण आपलं झालं आणि कोण परकं राहिलं, हे उगमावरून ठरत नाही, सांभाळण्यावरून ठरतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे. कुंडीतली पुष्कळ झाडं मार्चपर्यंत मरतात. माझं पहिलं झाड मीच मारलं. मे महिन्यात ते पश्चिमेच्या गच्चीवर ठेवलं आणि आठवडाभरात खालच्या फांद्या वाळल्या. अरोकेरियाच्या वाळलेल्या फांद्या पुन्हा फुटत नाहीत. नाताळच्या झाडाऐवजी सुरूची फांदी तोडून आणणाऱ्यांनाही सांगतो: रस्त्याकडेच्या झाडाला हात लावू नका. 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच होतं.

मग करायचं काय? ज्यांच्या घरी प्लास्टिकचं झाड आहे, त्यांनी ते टाकू नये, तुटेपर्यंत वापरावं. ज्यांना नवं घ्यायचं आहे, त्यांनी अरोकेरिया घ्यावा. सकाळचं ऊन द्यावं, दुपारचं टाळावं. वरची माती सुकली की पाणी घालावं. आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी, म्हणजे झाड एका बाजूला कलत नाही. शेंडा कधी छाटू नये. फांद्या मऊ असतात, म्हणून जड गोळे टांगू नयेत. एवढं केलं की झाड घरातल्या मुलाबरोबर वाढतं. गव्हाणीतल्या बाळाच्या जन्माचा सण जिवंत झाडापाशी साजरा व्हावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

बैठकीपुढं माझी एक मागणी आहे. चर्चचं झाड कुंडीतलं असावं आणि दरवर्षी एका कुटुंबानं ते वर्षभर सांभाळावं. सुरुवातीला माझं न्या. दीड फुटाचं आणलं होतं, आता माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. कुंडी उचलायला दोन माणसं लागतील.