संध्याकाळी पापणी का मिटते?

सकाळी चेहरा टवटवीत असतो. दुपारचा स्वयंपाक उरकेपर्यंतही काही जाणवत नाही. पण दिवेलागणीला एक पापणी खाली येऊ लागते, टीव्हीवर एकाची दोन माणसे दिसतात, जेवताना घास चावता चावता जबडा थकतो. घरची मंडळी म्हणतात, 'अशक्तपणा आहे, टॉनिक घे.' रात्री झोप झाली की सारे पुन्हा ठीक! त्यामुळे दुखणे खरे आहे यावरही कुणाचा विश्वास बसत नाही. कित्येक बायकांना तर 'नाटक करते' हेही ऐकावे लागते.

या आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. यात मज्जातंतू शाबूत असतो. बिघाड होतो तो मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे.

त्या दोघांमध्ये एक सूक्ष्म फट असते. मेंदूचा हुकूम आला की मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते आणि पलीकडे स्नायूवरचे रिसेप्टर ते टिपतात. प्रत्येक रिसेप्टर प्रथिनाचे पाच तुकडे जुळवून स्नायूपेशीच्या आत तयार होतो. पण तो कुठेही बसून चालत नाही. मज्जातंतूचे टोक ॲग्रिन नावाचे प्रथिन सोडून जणू जागा आखून देते, आणि रॅप्सिन नावाचे दुसरे प्रथिन रिसेप्टरना तिथे दाटीने बांधून ठेवते. एका चौरस मायक्रॉनमध्ये सुमारे १०,०००!

हे रिसेप्टर कायमचे नसतात. जुने आत ओढून मोडीत काढायचे, नवे बसवायचे, हे अखंड चालते. मायस्थेनियात शरीराची संरक्षक यंत्रणाच त्यांना शत्रू समजते. तिची प्रतिपिंडे रिसेप्टरना चिकटून त्यांच्या जोड्या बांधतात आणि असे बांधलेले रिसेप्टर भराभर आत ओढले जातात. मोड जास्त, भरती कमी. सतत वापराने सुटणारे रसायनही कमी होत जाते. निरोगी स्नायूला ते जाणवत नाही, इथे मात्र पापणी पडते.

नागाचे विषही याच रिसेप्टरवर बसते. नागदंशात पापण्या मिटू लागतात त्या म्हणूनच.

१९३४ साली ग्रीनविचच्या डॉ. मेरी वॉकर यांनी हा आजार क्युरारे या विषाच्या बाधेसारखा दिसतो हे हेरले, त्यावरचा उतारा टोचला, आणि रुग्णाची पापणी वर आली. कारण मात्र १९७३ मध्ये उमगले, तेही अवचित. कॅलिफोर्नियात पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशाचे रिसेप्टर सशांना टोचले होते. हेतू फक्त प्रतिपिंडे मिळवण्याचा. ससे लुळे पडले!

आज रक्ततपासणीत ही प्रतिपिंडे बहुतेकांत सापडतात. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या, स्टिरॉइड, काहींत छातीतील थायमस ग्रंथी काढणे, असे उपचार आहेत. टॉनिकच्या बाटल्यांत वर्ष जाते, हेच खरे दुर्दैव. गिळताना ठसका लागू लागला किंवा दम अपुरा पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे, कारण श्वासाचे स्नायूही याच रिसेप्टरवर चालतात. आणि साध्या तापासाठी डॉक्टरांकडे गेले, तरी हा आजार आधी सांगावा. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके या रुग्णांना सोसत नाहीत.