आग दिसते लवकर, पाणी पोचते उशिरा : पारशिवनीच्या गावांनी पहिल्या 20 मिनिटांची तयारी कशी करावी?

फेब्रुवारीपासून पारशिवनी तालुक्यात आगीचा धोका वाढतो. गहू-हरभऱ्याची मळणी सुरू असते, शेतात कुटार आणि तणसाच्या गंज्या असतात, धुऱ्यावरचे गवत वाळलेले असते आणि पलीकडे पेंचचे जंगल असते. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. याच काळात मोहफूल वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि पऱ्हाटीचे ढीगही जाळले जातात.

सध्याची स्थिती काय आहे?

आग ओळखण्याचे काम आता वेगाने होते. उपग्रहावरून वणव्याच्या सूचना मिळतात. पेंच व्याघ्र प्रकल्पात 2024 मध्ये धूर ओळखणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी कॅमेरा यंत्रणाही सुरू झाली. अग्निशमन सेवेच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने 2023 मध्ये 5,000 कोटी रुपयांची योजना राज्यांसाठी आणली.

अडचण पुढे आहे. अग्निशमन दल मुख्यतः महापालिका आणि नगरपरिषदांकडे असते, ग्रामपंचायतीकडे सहसा स्वतःचा बंब नसतो. ग्रामीण भागात 20 मिनिटांत मदत पोचावी, अशी राष्ट्रीय शिफारस आहे. पण नागपूर ते पारशिवनी हे अंतरच सुमारे 40 किलोमीटर आहे आणि कोलितमाऱ्याकडची गावे त्याहून पुढे आहेत. जवळच्या शहरातून बंब निघाला तरी वारा सुटलेला असताना वाळले गवत तेवढा वेळ देत नाही. म्हणून पहिली 20 मिनिटे गावालाच सांभाळावी लागतात.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांत शेतकरी आपल्याच गाडीवर टाकी, पंप आणि पाइप बसवून आगीवर जातात. आपल्याकडे हे साहित्य बहुतेक गावांत आहे, फक्त ते एकत्र जोडलेले नसते.

गावातील कोणते साहित्य कशासाठी वापरावे?

- ट्रॅक्टर-टँकर (5,000 लिटर) आणि एचटीपी पंप : मिरची किंवा संत्र्याच्या फवारणीचा पंप मिनिटाला 30 लिटर पाणी देत असेल, तर एक टँकर अडीच तासांहून अधिक चालतो. गवत, धुरा आणि काडाच्या आगीला हा प्रवाह उपयोगी पडतो. पंप पेट्रोल इंजिनवर किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा असावा.
- पाठीवरचा फवारणी पंप (16 लिटर) : मागे राहिलेले निखारे विझवण्यासाठी वापरा. मोठ्या ज्वाळेसमोर याचा उपयोग नाही.
- कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर : आगीच्या पुढे, सुरक्षित अंतरावर 3-4 मीटर रुंद पट्टा उलटवा. गवताची आग बहुधा इथेच अडते. जोराचा वारा असेल, तर ठिणगी पट्टा ओलांडते, म्हणून पट्ट्याच्या अलीकडे माणूस ठेवा.
- डिझेल इंजिन पंप : कालवा, नदी किंवा विहिरीवरून टँकर पुन्हा भरण्यासाठी.

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. तारांच्या घर्षणाने आग लागली, तर आधी वीजपुरवठा बंद करावा लागतो. मग विहिरीवरची मोटारही बंद पडते. म्हणजे ज्या आगीला पाणी सर्वांत जास्त लागते, तेव्हाच मोटारीचे पाणी मिळत नाही. यावर उपाय एकच, टँकर आधीपासून भरलेला ठेवणे.

मर्यादा ओळखा

पूर्ण पेटलेली गंजी एचटीपीच्या पाण्याने विझत नाही, कारण पाणी आतपर्यंत पोचत नाही. अशा वेळी शेजारची गंजी आणि गोठा ओला करा. जनावरांची दावी आधी सोडा. दोन गंज्यांत आणि गंजी-गोठ्यात अंतर ठेवले असेल, तरच हे जमते.

हे टाळा

- वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारा किंवा रोहित्राजवळ पाणी मारू नका.
- कीटकनाशक उरलेला पंप तसाच वापरू नका. काही औषधांतील द्रावक पेट घेतात आणि धूर विषारी होतो. हंगामापूर्वी टाकी आणि पाइप धुऊन ठेवा.
- वाऱ्याच्या दिशेने, आगीच्या पुढ्यात ट्रॅक्टर उभा करू नका. तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवा.
- नायलॉन किंवा पॉलिस्टरचे कपडे घालून आगीजवळ जाऊ नका. सुती कपडे आणि बूट घाला.

ग्रामसभेत ठरवायच्या चार गोष्टी

1. आळीपाळीने कोणाचा टँकर भरून उभा राहील आणि ट्रॅक्टरची चावी कोणाकडे असेल.
2. टँकर, पंप आणि पाइप यांचे कपलिंग जुळते का. पंधरा दिवसांतून एकदा जोडून, चालवून पाहा.
3. डिझेलचा खर्च आणि पाइपची झीज कोण भरणार. हे आधी ठरले नाही, तर दुसऱ्या आगीला टँकर निघत नाही. ग्रामपंचायत विकास आराखड्यात ही मागणी नोंदवा.
4. फोन कोण करणार : अग्निशमन 101 किंवा 112, वणव्यासाठी वन विभाग 1926, महावितरण 1912.

कृषी सहायक आणि ग्रामसेवकांनी वनरक्षक आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीलाही या बैठकीला बोलवावे. जंगलाची जाळरेषा आणि शेताचा धुरा एकमेकांना लागून असतात.

मुंबई गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी झालेल्या स्फोटात बळी गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळला जातो. पण तोपर्यंत आगीचा अर्धा हंगाम संपलेला असतो. त्यामुळे गावाने पहिला सराव फेब्रुवारीतच करावा. टँकर जोडा, घड्याळ लावा आणि गावाच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचायला किती मिनिटे लागतात ते मोजा. 20 मिनिटांहून जास्त लागली, तर कुठे वेळ गेला ते शोधून दुरुस्त करा आणि आठवड्याने पुन्हा मोजा.